चौथ्या तळ्याचा घास

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. नाव ऐकून लगेच स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहू नका. तिथे घरघर करणारा तो चिमुकला मिक्सर माझा चुलत भाऊसुद्धा लागत नाही. मी बेकरीतला, पावाचं पीठ मळणारा मिक्सर. उंचीने तुमच्या छातीइतका, अंग ओतीव लोखंडाचं आणि पुढ्यात स्टीलचं भलंमोठं भांडं. गंमत अशी, की गेली सहा वर्षं मी पिठाला शिवलेलोसुद्धा नाही. मी माशांचं जेवण कालवतो. हसा, खुशाल हसा. पहिल्या दिवशी मलाही हसावं की रडावं ते कळलं नव्हतं.

माझं धड एका कारखान्यात वाळूच्या साच्यात ओतलं गेलं. दात्यांची चाकं दुसऱ्याच गल्लीतून आली, मोटर तिसऱ्या दुकानातून आणि भांडं कुठून आलं ते मला आजही ठाऊक नाही. म्हणजे जन्मतःच मी बारा गावचं पाणी प्यालेला! हे सगळं एकत्र बसवणारा फिटर मोठा चोख माणूस होता. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला टेकवलं, मूठ आपल्या कानाला लावली आणि डोळे मिटून माझ्या पोटातला आवाज ऐकला. मग म्हणाला, "गुणी आहे. कुरकुर करायचा नाही." मित्रांनो, मी तो शब्द पाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. थंडीत पट्टा आखडला की थोडी कुरकुर होते, पण तेवढं कोणाचं होत नाही?

कारखान्यातून मी एका बेकरीत गेलो आणि तिथे एकोणीस वर्षं राहिलो. बेकरीवाले काका पोटाने मोठे आणि मनाने त्याहून मोठे होते. रोज पहाटे ते एका पातेल्यात कोमट पाणी घ्यायचे, त्यात साखर विरघळवायचे आणि मग यीस्ट सोडायचे. थोड्या वेळाने पातेल्यावर फेस यायचा. काका नव्या कारागिराला म्हणायचे, "आधी पाण्यात बोट घालून बघ. तुझ्या बोटाला सोसेल तेवढंच त्याला सोसेल. जीव आहे तो, भुकटी समजू नकोस."

एकदा एका कारागिराने घाईघाईत उकळतं पाणी ओतलं. त्या दिवशी मी नेहमीसारखा पीठ मळत राहिलो, पण पीठ काही केल्या फुगेना. ढिम्म पडून राहिलं. भट्टीतून पाव निघाले नाहीत, विटा निघाल्या. काका ओरडले नाहीत, पण दिवसभर त्यांनी कोणाशी बोलणंही ठेवलं नाही. त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळायला लागली. भांड्याच्या कडेला चिकटून राहिलेलं मिश्रण जिवंत असलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस, ऊबदार वास येतो. मेलेल्या मिश्रणाला मात्र नुसता ओल्या पोत्याचा वास येतो.

पुढे बेकरीत बटणांचा, चकचकीत, माझ्या दुप्पट मोठा मिक्सर आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्या डोक्यावर रिकामी पोती पडली. एका मांजरीने माझ्या भांड्यात चार पिल्लं घातली. खोटं कशाला बोलू, ते दिवस काही वाईट नव्हते. पिल्लं मोठी होऊन निघून गेली तेव्हा मात्र मला फार एकटं वाटलं. काम नसलं की वेळ खायला उठतो, मित्रांनो, आणि लोखंडाला गंज खायला उठतो.

अशात एक दिवस पाव घ्यायला आलेल्या एका बाईंनी मान वाकडी करून कोपऱ्यात पाहिलं. "काका, तो चालतो का हो?"

"चालतो म्हणजे? पळतो!" काका म्हणाले. पिठाच्या हाताने त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती पांढरी पाच बोटं अंगावर घेऊनच मी टेम्पोत चढलो.

त्या बाई म्हणजे आमच्या सूनबाई. त्यांच्या घराशेजारी माशांची चार तळी आहेत. घरात सासरे, सासूबाई, सूनबाई आणि त्यांचा नवरा. सासऱ्यांना सगळे बाबा म्हणतात आणि सासूबाईंना आई. नवरा रोज गाडी घेऊन बाजारात मासे पोचवतो. बाबा आणि सूनबाई यांच्यात वाद पेटला की तो गाडी धुवायला बाहेर जातो. आमची गाडी फार स्वच्छ असते.

मला ठेवलं खाद्याच्या खोलीत. एका बाजूला खाद्याच्या गोण्या, एका बाजूला वजनकाटा आणि समोर तळ्यांकडे उघडणारी खिडकी. पहिल्याच दिवशी वेल्डर आला आणि त्याने माझा पीठ मळायचा वाकडा दांडा कापून टाकला. मी मनातल्या मनात केवढ्यांदा ओरडलो! पण त्या दांड्याने माशांच्या खाद्याच्या गोळ्यांचा भुगा झाला असता. त्याच्या जागी वेल्डरने रुंद, चपटं पातं बसवलं. ते गोळ्यांना न मोडता हळूहळू वरखाली करतं. नवा हात बसल्यावर माझं दुखणं पळालं.

बाबा दारात उभे राहून हे सगळं पाहत होते. "माशांना पाव खायला घालणार आहेस का, सूनबाई?"

"नाही बाबा. त्यांच्या खाद्याला जंतू लावणार आहे."

बाबांनी कपाळाला हात लावला. "जन्मभर मी तळ्यातले जंतू मारले आणि आता माझी सून ते विकत आणून सोडणार!"

आता हे जंतूंचं प्रकरण तुम्हाला नीट सांगतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारे जीव सगळीकडे असतात. त्यातले काही रोग करतात, पण काही फार उपयोगाचे असतात. माणसाच्या पोटात असतात, तसे माशांच्या पोटातही असतात. ते अन्न पचवायला मदत करतात आणि रोगाच्या जंतूंना सहजी बस्तान बसवू देत नाहीत. असे चांगले जंतू बाटलीत मिळतात. त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. सूनबाई दहा दिवसांच्या प्रशिक्षण वर्गाला गेल्या होत्या. तिथून त्या हे शिकून आल्या होत्या.

आणि शिकण्याचं कारण होतं चौथं तळं. ते सगळ्यात टोकाला, सखल जागेत आहे. दर वर्षी उकाडा वाढला की त्यातले मासे आजारी पडायचे. बाबा खाद्यात औषधाची पिवळी पूड मिसळायचे. सुरुवातीला तिचा गुण यायचा, पण वर्षानुवर्षं तेच औषध खाऊन त्याचा असर संपला होता. मागच्या उन्हाळ्यात तर अर्धे मासे गेले. तेव्हा बाबांनी ठरवलं, तळं बुजवायचं आणि तिथे गोदाम बांधायचं. आठ ट्रक माती आणून त्यांनी काठावर ओतलीसुद्धा. मला खिडकीतून तो ढीग दिसायचा.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, एक हंगाम द्या मला. या घरात येऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही सांगाल ते सगळं केलं. आता एक तळं माझ्या पद्धतीने करून बघते. औषधाशिवाय."

बाबांनी मातीच्या ढिगाकडे बोट केलं. मग म्हणाले, "तळं जगलं तर तुझं. नाही जगलं तर माती तयारच आहे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. सूनबाई दहा किलो खाद्य तोलून माझ्या भांड्यात ओतायच्या. मग कोमट पाण्यात साखर विरघळवून त्यात बाटलीतलं एक माप घालायच्या. ते पाणी खाद्यावर शिंपडत असताना मी अगदी सावकाश सात मिनिटं फिरायचो. शेवटी थोडं तेल, म्हणजे लागलेलं सगळं पाण्यात धुऊन जात नाही. मग ताडपत्रीवर सावलीत अर्धा तास पसरलेलं खाद्य चौथ्या तळ्यात जायचं. तळ्यात तिलापिया जातीच्या माशांची बोटाएवढी पिल्लं होती. सूनबाईंनी ती स्वतःच्या हाताने मोजून सोडली होती.

दुसऱ्या दिवशी पात्याच्या खोबणीत राहिलेल्या कणांना वास आला. तोच, आंबूस, ऊबदार! किती वर्षांनी! मित्रांनो, मी रडू शकलो असतो तर रडलो असतो. मला वाटलं, वेल्डरने दांडा कापला म्हणून काय झालं, माझं काम तेच आहे. जिवंत वस्तू जपून कालवायची.

पहिले बारा दिवस कसे मजेत गेले म्हणून सांगू! खाद्य पडलं की मासे त्यावर तुटून पडायचे आणि तळ्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. सूनबाई खोलीत येऊन गुणगुणायच्या. बाबा मात्र रोज चौथ्या तळ्याला चक्कर मारायचे आणि खाली मान घालून परत यायचे.

तेराव्या दिवशी हवा कोंदट झाली. सकाळी तळ्यावर पाच मेलेले मासे तरंगत होते. सूनबाईंनी ते जाळीने काढले, पाणी खेळवणारं पंख्याचं यंत्र जास्त वेळ चालू ठेवलं आणि खाद्य थोडं कमी केलं. त्या घाबरल्या नाहीत. पण बाबा घाबरले. पाच मासे पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या सकाळी सूनबाई कोमट पाणी आणायला घरात गेल्या, तेवढ्यात बाबा खोलीत शिरले. त्यांनी खिडकीतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तीच ती पिवळी पूड! त्यांनी ती माझ्या भांड्यात झटकली, हाताने खाद्य वरखाली केलं आणि माझ्या मोटरीवर थोपटत कुजबुजले, "बोलू नकोस हं कोणाला."

आता काय म्हणावं या माणसाला! मी बोलणार होतो कसा?

अहो, ते औषध जंतू मारायचं! सूनबाई भांड्यात जीव घालत होत्या आणि बाबा पाठोपाठ त्यांना मारायचं औषध घालत होते. बाबांच्या मनात काही पाप नव्हतं. त्यांना वाटायचं, औषध म्हणजे पहारेकरी, घरचा कोण आणि चोर कोण ते त्याला ओळखू येतं. पण औषधाला काय कळतंय? समोर येईल त्याला ते झोडपतं.

मग हे रोजचंच झालं. रोज पुडी, रोज ते "बोलू नकोस हं". मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार! खोबणीतल्या कणांचा आंबूस वास गेला आणि ओल्या पोत्याचा वास येऊ लागला. सूनबाईंना तो कळला नाही. त्या काही बेकरीत वाढल्या नव्हत्या. मी पट्टा कचकचवला, एकदा तर चालता चालता थांबलोसुद्धा. सूनबाईंनी मला तेल घातलं. माझं दुखणं एकीकडे आणि इलाज भलतीकडे!

तीन आठवडे असे गेले. मासे आधी मंद झाले. खाद्य टाकलं तरी अर्धं तसंच तरंगत राहायचं, मग खाली बसून कुजायचं. काही माशांच्या परांना लाल डाग पडले. रोज दोन, रोज तीन मासे मरायला लागले. सूनबाईंचं गुणगुणणं थांबलं. एका दुपारी त्या माझ्या शेजारी गोणीवर बसल्या आणि बाटली हातात घेऊन तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग आपल्याशीच म्हणाल्या, "मीच चुकले असेन. मला कुठे एवढं कळतं?" इतकं माहीत असून गप्प राहणं फार वाईट असतं, मित्रांनो.

आई त्यांना शोधत तिथे आल्या. "काय झालं गं?"

"आई, मला वाटतं बाटलीतले जंतू मेलेलेच आले असावेत. पण ते तपासायचं कसं? दिसत तर नाहीत."

"दिसायला कशाला हवेत? विरजणातले तरी मला कुठे दिसतात?" आई म्हणाल्या. "दही लावणारेच ना हे, तू सांगत होतीस ते? मग दुधालाच विचारू."

आईंच्या ओट्यावर माशांची कुठलीही वस्तू चालत नाही, हा घरचा कायदा. म्हणून त्या संध्याकाळी कोमट दुधाच्या तीन वाट्या खाद्याच्या खोलीत आल्या आणि उबेसाठी माझ्या मोटरीच्या झाकणावर बसल्या. पहिल्या वाटीत आईंचं घरचं विरजण. "हे नाही लागलं तर मी चुकले," त्या म्हणाल्या. दुसऱ्या वाटीत बाटलीतले चार थेंब. तिसऱ्या वाटीत, मी कालवलेलं खाद्य पाण्यात भिजवून त्याचं वरचं पाणी एक चमचा.

सकाळी दोघी आल्या. पहिल्या वाटीतलं दही चमच्याने कापावं इतकं घट्ट. दुसरी वाटी जरा सैल, पण लागलेली. आणि तिसरीतलं दूध? जसं ठेवलं तसं! हलवलं की हिंदकळतंय.

"म्हणजे बाटली चांगली आहे," सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. "जे काय बिघडतंय ते या मिक्सरमध्ये बिघडतंय."

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्या दिवशी त्यांनी मला उकळत्या पाण्याने धुतलं. घासणीने घासलं, पातं उतरवलं, खोबण्या टोकरल्या. पाण्याच्या बादल्या कोण आणून देत होतं म्हणता? बाबा! बिचारे मुकाट्याने बादली ठेवायचे आणि माझी नजर चुकवायचे. पण पुढच्या सकाळी पुडी पुन्हा आली. बाबांना वाटत होतं, मिक्सर घाण आहे ही एक गोष्ट आणि औषध ही वेगळी गोष्ट. या दोहोंचा संबंध त्यांच्या डोक्यातच येत नव्हता. पुन्हा तीन वाट्या मांडल्या. पुन्हा तिसरीत दूधच.

सूनबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "याचं लोखंडच विटलंय. भंगारवाल्याला आज बोलावून घे." नवरा हो म्हणाला आणि गाडी धुवायला गेला.

सूनबाई तळ्यावर गेल्या. खोलीत आई वाट्या गोळा करत होत्या आणि बाबा वजनकाट्याशी उगाच काहीतरी पुसत होते. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या माहेरी गाय आजारी पडली की तिला औषध द्यायचे. त्या दिवसांत तिच्या दुधाचं दही लागायचं नाही. कितीही विरजण घाला. दुधातून औषध यायचं ना, ते विरजणच मारून टाकायचं."

बाबांचा हात थांबला.

"मारायचं म्हणजे?" त्यांनी विचारलं. "चांगलं विरजणसुद्धा?"

"औषधाला काय माहेर आणि सासर कळतं?" एवढं बोलून आई वाट्या घेऊन निघून गेल्या.

बाबा गोणीवर मटकन बसले. त्यांनी खिशातून पुडी काढली. मला वाटलं, आता उठतील, तळ्यावर जातील, सुनेला सांगतील. पण माणसाचं मन मोठं अवघड यंत्र आहे. आमचे नट पान्याने सुटतात, त्यांचे सुटत नाहीत. बाबांनी पुडी पुन्हा खिशात ठेवली.

दुपारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्याने आणि नवऱ्याने मिळून मला उचललं आणि गाडीवर आडवं घातलं. अंगावर दोरखंड पडला. खरं सांगू? मला मरणाची भीती वाटली नाही. भट्टीत वितळणं मला नवं नाही, जन्मच तिथला. पण बदनाम होऊन जाणं फार लागलं. आणि त्याहून लागलं ते सूनबाईंचं. मी गेलो तरी पुडी राहणार होती. त्या नवीन भांडं आणणार, त्यातही मासे मरणार, आणि शेवटी त्या स्वतःलाच नालायक ठरवून गप्प बसणार. मातीचा ढीग तिथेच होता.

भंगारवाल्याने दांडी उचलली. चाक एकदा फिरलं.

"थांब!" बाबा ओरडले. "उतरव त्याला."

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, अहो, त्याच्यात खोट आहे."

"खोट त्याच्यात नाही." बाबांनी खिशातून पुडी काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली. "माझ्यात आहे. ते पाच मासे मेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज ही घालतोय. वाटलं, तुझे जंतू आणि माझं औषध, दोन्हीचा मिळून दुप्पट गुण येईल. तुझं तळं जगावं म्हणूनच गं!"

सूनबाईंनी पुडी उघडून पाहिली. मग त्या अशा कडाडल्या, की भंगारवाल्याने दांडी खाली ठेवली. "तीन आठवडे, बाबा! तीन आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते! सकाळी उठायची भीती वाटायची मला. मला सांगायचं तरी!"

"तू नको म्हणाली असतीस."

"हो, म्हणालेच असते!"

"म्हणून तर नाही सांगितलं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "तुला माहीत नाही, हा तुझा नवरा जन्मला त्या साली दोन सकाळींत अख्खं तळं उलटं झालं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसती पांढरी पोटं. तेव्हापासून एक मासा उलटा दिसला तरी माझा धीर सुटतो. चुकलो मी. तुझं चुकलं नाही काही."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाबा तर फुंकता फुंकता ताकच सांडून बसले होते.

सूनबाई रडल्या. रागाने रडल्या, आणि मला वाटतं, सुटल्यासारखं वाटलं म्हणूनही रडल्या. नवरा फडकं हातात धरून उभा होता. गाडी तर सकाळीच धुऊन झाली होती, आता जावं कुठे हा त्याला प्रश्न.

भंगारवाल्याने घाम पुसला. "मग न्यायचं आहे की नाही काही?"

"न्यायचंच असेल तर यांना ने," आईंनी बाबांकडे बोट दाखवलं. "वजनाला बरे भरतील."

पहिल्यांदा भंगारवाला हसला, मग नवरा, आणि मग डोळे पुसत सूनबाईसुद्धा हसल्या. बाबांनी आईंना विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"कालपासून. काल कपडे धुताना तुमचा खिसा नीट पाहिला, पिवळा झालाय. म्हटलं, तुम्ही स्वतः सांगाल. आणखी एक दिवस बघितलं असतं, मग मीच बोलले असते."

मला पुन्हा माझ्या जागेवर उभं केलं. औषध त्याच दिवशी बंद झालं. पण मित्रांनो, बाटलीत काही जादू नव्हती, तेही सांगायला हवं. तळाशी कुजलेलं खाद्य काढावं लागलं, थोडं थोडं पाणी बदलावं लागलं, खाद्य मासे खातील तेवढंच टाकावं लागलं. हे सगळं बाबांनी गुडघाभर चिखलात उभं राहून स्वतः केलं. सूनबाई पहिले चार दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. पाचव्या दिवशी त्यांनी बाबांना तळ्यावर चहा नेऊन दिला. माझ्या खोबणीत पुन्हा आंबूस वास आला. हळूहळू मासे मरायचे थांबले आणि महिन्याभराने एका सकाळी, खाद्य पडताच तळ्यावर पुन्हा पावसासारखा आवाज झाला. तेव्हा बाबा माझ्या खिडकीशी उभे होते. ते कान देऊन ऐकत राहिले.

हंगामाच्या शेवटी जाळं पडलं. सगळे मासे काही वाचले नव्हते. पण जे आले ते भरलेले, चकचकीत अंगाचे होते. नवऱ्याची गाडी दोनदा भरून गेली. काठावरची माती बाबांनी फावड्याने ओढून चौथ्या तळ्याचाच सखल बांध उंच करून घेतला. आता त्या तळ्याला कोणी चौथं म्हणत नाही. 'सूनबाईंचं तळं' म्हणतात. सूनबाईंनी आता बाकीच्या तिन्ही तळ्यांचं खाद्यही माझ्याकडेच दिलं आहे.

मी आता म्हातारा झालो. माझा पट्टा दोनदा बदलला, भांड्याला एक ठिगळ आहे. पण मी सुखात आहे. काम झालं की मला कोरड्या फडक्याने पुसतात आणि आठवड्याला तेल घालतात. यंत्राला एवढं केलं तरी ते जन्मभर सोबत करतं. तुमच्या घरात, शाळेत एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला भंगार म्हणण्याआधी एकदा त्याचं काय म्हणणं आहे ते बघा. दोष दरवेळी त्याचाच असतो असं नाही.

आणि माझी खरी विनंती याहून वेगळी आहे. डोळ्यांना दिसत नाही तेही जिवंत असतं, ते जपा. आपलं माणूस एखादं काम मन लावून करत असेल, तर त्याच्या भांड्यात मायेने का होईना, चोरून काही घालू नका. काही घालावंसं वाटलंच, तर आधी त्याला विचारा. त्याने नको म्हटलं तर ऐका. भीती वाटत असेल तर भीती वाटते असं सांगा. ते सांगायला पुडी लागत नाही.

हल्ली सकाळचं खाद्य बाबाच कालवतात. सूनबाई खिडकीपाशी तळ्यांच्या वहीत काहीतरी लिहीत बसलेल्या असतात. बाबा माझ्यासमोर ताठ उभे राहतात आणि शाळेत पाढे म्हणावे तसे मोठ्याने म्हणतात, "खाद्य दहा किलो. कोमट पाणी. साखर. बाटलीतलं एक माप. तेल." मग शर्टाचा खिसा उलटा करून दाखवतात. "बाकी काही नाही."

सूनबाई वहीतून मान वर न करता म्हणतात, "ऐकलं, बाबा. करा सुरू."

आणि बाबा माझं बटण दाबतात.